सहकुटुंब, सहपरिवार, सश्वान

आपल्याकडील निमंत्रणपत्रिकांत 'सहकुटुंब सहपरिवार' हे दोन शब्द घालण्याची चाल जुनी आहे. कुटुंब म्हणजे कोण, हें सांगावें लागत नाहीं. परंतु परिवार या शब्दाची व्याप्ति किती, याचा विचार पत्रिका धाडणारानें किंवा ती घेणारानें सहसा केलेला नसतो. संस्कृतांत परिवार म्हणजे भोंवतालचा सारा लवाजमा. फार काय, तरवारीच्या म्यानालाही त्या भाषेंत परिवार म्हणतात. मग त्यांत घरचा कुत्रा येतो किंवा नाहीं? हा प्रश्न कोणाला पोरकट वाटेल. परंतु गेल्या वर्षांत आमच्या वाशिमच्या घरीं याच एका प्रश्नावरून स्वयंपाकघरांत दोनदां, देवघरांत एकदां आणि ओसरीवर अनेकदां वाद झाला. शहरांत राहणारीं मुलें ज्यांना आहेत, अशा पुष्कळ घरांत तो आज ना उद्यां येणारच आहे; तेव्हां वाचकांनीं माझें हें चऱ्हाट थोडें सोसून घ्यावें.

माझी नात पुण्यास आईबापांपाशीं राहून शिकते. तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत रस्त्यावर सांपडलेलें एक कुत्रीचें पिल्लूं तिनें घरीं आणलें आणि नांव सुचवा म्हणून मला दूरध्वनि केला. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलेला नाहीं. पण संस्कृत मात्र गुरुजवळ बसून शिकलों आणि आयुष्यभर तेंच शाळेंत शिकवीत आलों. 'टॉमी' आणि 'ब्रूनो' मला सुचणार कोठून? 'सरमा' ठेव, म्हटलें. सरमा ही देवांची कुत्री. पणींनीं लपविलेल्या गाई हुडकण्यास इंद्र तिला पाठवितो आणि ती त्यांच्याशीं तोंडास तोंड देऊन बोलते, असें ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत आहे. नात खूष झाली. तिच्या मैत्रिणींनीं मात्र त्या नांवाचें 'शर्मा' केलें, आणि आतां त्यांच्या वसाहतींत त्या कुत्रीला 'शर्माजी' म्हणून हांक मारतात. ब्राह्मणाच्या घरीं संकल्पाच्या वेळीं नांवापुढें 'शर्मा' लावतातच, तेव्हां फारसें बिघडलें नाहीं, अशी मीं मनाची समजूत घातली आहे.

मार्गशीर्षांत मी आठ दिवस पुण्यास होतों. एका रविवारीं नात म्हणाली, "आजोबा, आज आपण सरमाला घेऊन फराळाला जाऊं." कुत्रीला घेऊन फराळाला! परंतु पुण्यामुंबईकडे हल्लीं अशीं उपाहारगृहें निघालीं आहेत खरीं. दिल्लीस तर २०१४ पासून 'पेट फेड' नांवाची पाळीव प्राण्यांची जत्राच भरूं लागली आणि तिचें लोण पुढें मुंबईसही आलें. आम्ही गेलों तेथें झाडाखालीं टेबलें मांडलेलीं होतीं. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यापुढें प्रथम पाण्याचें भांडें येई आणि मग माणसांपुढें पेले. अतिथिसत्काराचा हा क्रम मला आवडला. कुत्र्यांसाठीं भोजनपत्रकही निराळें होतें. त्यांत उकडलेलें अंडें निघालें तेव्हां मीं झाडाकडे पाहिलें. शेजारच्या टेबलावर एका थोराड कुत्र्याचा वाढदिवस चालला होता. त्याच्या डोक्यावर कागदाची टोपी बसविली होती. तो ती दर दोन मिनिटांनीं पाडी आणि मालकीणबाई ती पुन्हां बसवीत. एवढ्या मंडळींत त्या सोहळ्याशीं कांहीं कर्तव्य नसलेला तो एकटाच होता.

आमची सरमा टेबलाखालीं कान मागें टाकून बसली होती आणि एकामागून एक जांभया देत होती. मला वाटलें, झोंप आली असेल. नात म्हणाली, "झोंप नाहीं आजोबा. ती घाबरली कीं जांभया देते, ओठ चाटते. तो वरचा कर्णा तिला सोसत नाहीं." मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक कंपनांचा येतो. आपल्याला जें मंद संगीत, तें त्याला काय वाटत असेल कोण जाणे! नातीनें कॉफी अर्धी टाकली, पैसे दिले आणि आम्ही पाऊण तासाच्या आंत बाहेर पडलों. त्या नव्या चालीविषयीं माझें मत प्रथम जर बरें झालें असेल, तर तें त्या अर्ध्या टाकलेल्या कॉफीमुळें. कुत्र्याला बरोबर नेणारीं माणसें तेथें पुष्कळ होतीं. कुत्र्यासाठीं उठणारी ती एक दिसली.

दारांत आणखी एक गोष्ट दिसली. तेथें रस्त्यावरची एक कुत्री सावलीला येऊन बसूं पाहत होती आणि पहारेकरी तिला काठी दाखवीत होता. रंगानें, बांध्यानें ती हुबेहूब सरमासारखी. दोघींत फरक काय तो गळ्यांतल्या पट्ट्याचा. नात कांहीं बोलली नाहीं, पण रस्ताभर गप्प होती. रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ११ ऑगस्टला दिल्लीपुरता दिलेला कडक हुकूम २२ ऑगस्टला सौम्य करून, लस टोंचलेल्या व निर्बीज केलेल्या कुत्र्यांना त्यांच्या जागीं परत सोडावें, पिसाळलेल्या व अंगावर धांवणाऱ्यांना मात्र सोडूं नये, असें न्यायालयानें ठरविलें. तो विषय मोठा आहे. येथें त्यांत शिरत नाहीं. पण आंतल्या कुत्र्याला थाळी आणि बाहेरच्याला काठी, हें दृश्य माझ्या मनांतून अजून गेलेलें नाहीं.

महाभारताची एक गंमत वर्गांत मी नेहमीं सांगत असें. त्या प्रचंड ग्रंथाच्या दोन्ही टोंकांना कुत्रा बसलेला आहे. आदिपर्वांत जनमेजयाचें सत्र चालू असतां सरमेचा मुलगा तेथें येतो आणि जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपून काढतात. तो रडत आईकडे जातो. सरमा तडक यज्ञमंडपांत येऊन विचारते कीं, माझ्या मुलानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नाहीं, त्याकडे नुसतें पाहिलेंही नाहीं, मग त्याला मारलें कां? त्या राजपुत्रांपाशीं उत्तर नसतें. तेव्हां ती शाप देते कीं, तुम्हांला न दिसणारें भय प्राप्त होईल. समारंभास गेलेल्या कुत्र्याच्या वतीनें केलेली आपल्या वाङ्मयांतली ही पहिली फिर्याद असावी! आणि शेवटीं, महाप्रस्थानिक पर्वांत, भाऊ आणि द्रौपदी वाटेंत पडल्यावर धर्मराजाबरोबर हस्तिनापुरापासून मागें आलेला कुत्रा तेवढा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्रे बाळगणारांस स्वर्गांत थारा नाहीं, असें बजावतो.

येथें धर्मराज काय करतो तें पाहण्यासारखें आहे. हा माझा भक्त आहे, यालाही येऊं द्या, अशी तो प्रथम विनंती करतो. ती नाकारली जातांच तो इंद्राशीं त्याच्या नियमावरून हुज्जत घालीत बसत नाहीं, आणि कुत्र्याला उपरण्याखालीं लपवून रथांतही चढवीत नाहीं. मग मीच येत नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें. यजमानाला आपल्या घराचा नियम करण्याचा अधिकार आहे, आणि पाहुण्याला न जाण्याचा आहे. दोघांचेंही त्यांत कांहीं उणें होत नाहीं. लग्नाच्या कार्यालयांत कुत्रा चालणार नाहीं असें कळल्यावर वर्षभर अबोला धरणारीं घरें मला ठाऊक आहेत. त्यांनीं हा प्रसंग एकदां मुळांतून वाचावा.

मराठ्यांच्या इतिहासांत मात्र एका कुत्र्याला थेट दरबारांत मान मिळालेला आहे. साताऱ्याच्या छत्रपति शाहू महाराजांना शिकारींत वाघापासून त्यांच्या आवडत्या कुत्र्यानें वांचविलें. त्याबद्दल महाराजांनीं त्याच्या नांवें सनदा करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासांत लिहितो. एकदां तर दोन सरदार भेटीस यावयाचे असतां महाराजांनीं भर दरबारांत त्या कुत्र्याला जरीचीं वस्त्रें आणि दागिने घालून आपलें पागोटेंही त्याच्याच डोक्यावर ठेवलें. तेव्हां त्यांचें चित्त ठिकाणावर नव्हतें, अशी पुस्ती डफ जोडतो. त्या कुत्र्याचें नांव खंड्या. कृष्णावेण्णेच्या संगमावर माहुलीस त्याची समाधि दाखवितात. पुण्याची ती कागदी टोपी पाहिली तेव्हां मला हें पागोटें आठवलें. फरक एवढाच कीं, खंड्यानें आपला मान वाघासमोर मिळविला होता.

आणि आमच्या जिल्ह्याचेंच पाहा. कारंजा ही श्रीनृसिंहसरस्वतींची जन्मभूमि. तेथील गुरुमंदिरास येणारा प्रत्येक मनुष्य ज्या दत्तमूर्तीचें ध्यान करतो, तिच्या पायांशीं चार श्वान असतात आणि ते चार वेद होत, असें आपण मुलांना सांगतों. चित्रांतले चार चालतात. देवळाच्या पायरीवर आलेल्या पांचव्याला आपण हाड् करतों. नामदेवरायांनीं पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांव घेतली, ही कथा कीर्तनांत ऐकतांना डोळ्यांना पाणी येतें, आणि घरीं परत आल्यावर दाराला कडी. पाणिनीनें तर श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि इंद्र, हे तिघे एकाच सूत्रांत बांधून टाकले. त्यावरून वैयाकरणांची थट्टा पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. त्या थट्टेंतही कुत्र्यानें आपली पायरी सोडून वर बसूं नये हीच अपेक्षा आहे.

ज्यांचें घरच चालतें, त्यांना हा प्रश्न कधीं पडला नाहीं. मानोरा तालुक्यांत पोहरादेवीला जमणाऱ्या बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडत, तेव्हां तांड्याबरोबर कुत्रे असतच. पावसाळा सरल्यावर आमच्या शिवारांतून मेंढरें घेऊन जाणारे धनगर आजही दिसतात. त्यांचा कुत्रा कोणाच्या परवानगीनें बरोबर असतो, असें कोणी विचारीत नाहीं. भिंती आल्या, उंबरठा आला, तिकीट आलें, म्हणजे मग परवानगी आली. रेल्वेचा नियम असा कीं, पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार जागांचा पुरा कप्पा आपल्या नांवें राखून ठेवला तरच कुत्रा आपल्याजवळ बसणार. एरवीं त्याची जागा गार्डाच्या डब्यांतल्या पेटींत. राहत्या इमारतींचें कायद्याला निराळें दिसतें. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ च्या फेब्रुवारींत सूचना काढून गृहसंस्थांना बजावलें कीं, कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालतां येणार नाहीं आणि उद्वाहनांतून त्याला मज्जावही करतां येणार नाहीं. हें सारें वाचून नात माझ्याशीं वाद घालण्यास तयार होऊनच बसली होती. कारण वैशाखांत आमच्या घरीं माझ्या पुतण्याच्या मुलाची मुंज ठरली होती, आणि सरमाला सोडून ती येणार नव्हती.

आतां आमच्या आक्काविषयीं सांगितलें पाहिजे. आक्का ही माझी थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढें. लहानपणीं तिला पिसाळलेल्या कुत्र्यानें पोटरीला धरलें. तेव्हां वाशिम हें अकोला जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव होतें (आमचा जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ ला), आणि टोंचून घेण्यासाठीं वडील तिला घेऊन चौदा दिवस अकोल्यास राहिले. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस पोटांत टोंचीत. रोज एक, अशा चौदा सुया. लुई पाश्चरनें १८८५ च्या जुलैंत जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाला वांचविलें तेव्हांपासून हें शास्त्र पुष्कळ पुढें आलें आहे. पोटांतली ती लस आपल्या देशांत २००४ सालच्या अखेरीस बंद झाली. आतां थोड्या सुया आणि त्याही दंडांत. परंतु एक गोष्ट बदललेली नाहीं: लक्षणें दिसूं लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमींच प्राण घेतो. आक्काच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. त्याला उशिरां आणलें होतें. पाण्याचा पेला पाहून तो कसा करी, तें आक्कानें साठ वर्षांत आम्हांला एकदांच सांगितलें आहे. सरमेच्या शापांतलें तें न दिसणारें भय शिकवितांना माझ्या डोळ्यांसमोर सर्पसत्र येत नसे, आक्का येई.

आणि हीच आक्का रोज जेवावयास बसण्यापूर्वीं कुत्र्याचा घास बाजूला काढते. तो उंबरठ्याच्या आंतून, लांबूनच, बाहेर टाकते आणि दार लावून घेते. त्यांत एक दिवसाचाही खंड मीं पाहिलेला नाहीं.

नातीचा निरोप आला तेव्हां घरांतलीं तरुण माणसें म्हणालीं, आक्काआजीची समजूत घालूं. मीं स्पष्ट सांगितलें कीं, समजूत घालावयाची नाहीं. भीति ही कांहीं अज्ञान नव्हे कीं तिला धडा देऊन घालवावी. आक्का या घरची, सरमा पाहुणी. आक्का म्हणेल तसें व्हावें. आक्कानें दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "तिला टोंचल्याचा दाखला आधीं पाठवा, मी वाचीन. साखळी सुटतां कामा नये. माझ्या सोवळ्याच्या वाटेवर ती नको. एवढें झालें तर पोरीला येऊं दे. नातवंडाच्या मुंजीला ती नसली तर काय शोभा!" पुण्यास महानगरपालिकेच्या परवान्यासाठीं लसीचा दाखला लागतोच, तो आला. आक्कानें चष्मा लावून त्यावरची तारीख दोनदां वाचली आणि पोथीच्या कापडांत जपून ठेवला.

मोटारीनें तीं पहांटे निघून आलीं, कारण वैशाखांतल्या आमच्या वऱ्हाडांत दुपारीं डांबरी सडकेवर कुत्र्याचे पाय भाजतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाहीं. घाम काय तो तळपायांना, बाकी सारें जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. माडीवरच्या खोलींत वाळ्याचा थंडावा करून सरमाची सोय केली. तिच्या पथ्याचा कागद नातीनें भिंतीवर लावला: कांदा नको, लसूण नको, मनुका नकोत, चॉकलेट नको. माझी वहिनी तो वाचून म्हणाली, "अगबाई, हिचा तर बाराही महिने चातुर्मास!" तेव्हांपासून स्वयंपाकघरांत सरमाविषयीं आदर थोडा वाढला.

होमाच्या वेळीं कुत्रा मंडपांत असूं नये, हें गुरुजींनीं सांगण्यापूर्वींच नातीनें मान्य केलें होतें. मातृभोजन झालें, मंगलाष्टकें झालीं. वाजंत्री वाजूं लागली कीं ती धांवत माडीवर जाई. भिक्षावळीला ती नव्हती. सगळ्या भावंडांच्या छायाचित्रांत ती नाहीं. पंगतींतूनही ती दोनदां उठली, आणि तिची आई पुटपुटली तेव्हां मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. कुत्र्याला समारंभास नेण्याची हौस पुष्कळांना असते. तिची किंमत समारंभाला मुकून द्यावी लागते, हें त्या पोरीनें न बोलतां मान्य केलेलें दिसलें.

सायंकाळीं मंडळी पांगल्यावर तिनें सरमाला खालीं आणून ओसरीच्या खांबाला बांधलें. आक्का माजघराच्या दारांत, खुर्ची आडवी लावून, बसली होती. मुलें भोंवतीं जमलीं. एकाएकीं सरमा गुरगुरली. केवळ गुरगुरली, दांत लागला नाहीं. पण व्याह्यांकडचा एक पांच वर्षांचा मुलगा किंचाळत आईकडे धांवला आणि घरभर एकच गिल्ला झाला. कोणी म्हणालें, सांगितलें होतें! कोणी काठी आणण्यास गेला. नात पांढरीफटक पडली. तिला कांहीं सांगतां येईना, कारण त्या क्षणीं ती पाणी आणण्यास आंत गेलेली होती. पाहिलें कोणीच नव्हतें.

"काठी ठेव ती," असा माजघरांतून आवाज आला. "पोरानें तिची शेंपटी ओढली. एकदां ओढली तेव्हां ती सरकून बसली. दुसऱ्यांदा ओढली तेव्हां गुरगुरली. मीं दोन्ही वेळां पाहिलें आहे."

सकाळपासून आक्काचे डोळे त्या कुत्रीवरून हालले नव्हते. भीतीनें हालले नव्हते. त्यामुळें एवढ्या मोठ्या घरांत साक्ष देण्यासारखी ती एकटीच निघाली.

काठी परत गेली. मुलाच्या आईला मीं समजावून सांगितलें कीं, गुरगुरणें ही कुत्र्याची सूचना असते, ती देणाऱ्याला मारलें तर तो पुढच्या वेळीं सूचना न देतां चावतो. त्यांनीं ऐकून घेतलें; पटलें किती तें ठाऊक नाहीं. सरमा पुन्हां माडीवर गेली. आक्काची भीति गेली, असें मात्र कोणी समजूं नये. ती मंडळी पुण्यास परत जाईपर्यंत आक्का ओसरीवर आली नाहीं. रोजचा घास तेवढा त्या चार दिवसांत दोन ठिकाणीं पडे: एक नेहमींप्रमाणें बाहेर, आणि एक जिन्याच्या पहिल्या पायरीवर, पानावर. तो तेथें ठेवून ती लगबगीनें आंत जाई आणि दार लावी.

आतां नवाच पेंच आहे. नातीचें पत्र आलें आहे कीं दिवाळीस ती येणार, सरमाही येणार. परंतु फटाक्यांच्या आवाजानें सरमा पलंगाखालीं शिरते, दोन दोन दिवस खात नाहीं. तेव्हां आपल्या वाड्यांत तरी यंदा नुसत्या फुलबाज्या आणि भुईनळे उडवितां येतील का, असें तिनें घरांतल्या सर्व मुलांना उद्देशून विचारलें आहे. मुलांची सभा परवां माडीवर भरली. पांच मतें फुलबाज्यांना, पांच सुतळी बॉम्बला पडलीं. मुंजा झालेला बटु अद्याप कोणाकडेच गेलेला नाहीं. दोन्ही पक्ष त्याला रोज चिक्कीचा खुराक देत आहेत, आणि तो विचार करून सांगतों म्हणतो.